मागच्या खोलीतले चार दिवस

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तो कुठे ठेवायचा यावरून वाद झाला. सिडकोतलं आमचं घर म्हणजे पुढची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे आम्ही नंतर वाढवलेली पत्र्याची खोली. पुढच्या खोलीत टीव्ही, दिवाण आणि भिंतीला देवघर. नवऱ्याचं म्हणणं, देवीच्या तोंडावर त्या डब्याचा उजेड नको. मुलाचं म्हणणं, आल्यागेल्याला दिसला पाहिजे, नाहीतर घेतला कशाला. शेवटी टेबल दिवाणाला अडायला लागलं, म्हणून कॉम्प्युटर मागे गेला. आमच्या घरातले मोठे निर्णय असेच व्हायचे.

मागची खोली ही बाजूला बसायची खोली. पाळीचे चार दिवस बाईने स्वयंपाकघरात जायचं नाही, देवघरापुढे यायचं नाही, माठाला हात लावायचा नाही. तिचा तांब्या वेगळा, सतरंजी वेगळी, ताट दुसरीने नेऊन द्यायचं. नवऱ्याच्या घरात हे पहिल्यापासून कडक होतं. देवघरात वणीच्या देवीचा टाक, तिला विटाळ चालत नाही म्हणे. देवीला मी कधी विचारलं नाही. तीही बाईच आहे, तिने सांगितलं असतं. पण एक खरं सांगते, मला त्या खोलीचा राग कधी आला नाही. महिन्यातून तेवढेच दिवस माझी पाठ जमिनीला टेकायची. राग यायचा तो पाचव्या दिवशी, डोक्यावरून पाणी घेऊन पुन्हा चुलीपुढे उभं राहताना.

मधली काही वर्षं मात्र तेही मिळालं नाही. नव्वदनंतर मी अंबडला एका लहान कारखान्यात कामाला जायचे. टीव्हीच्या आणि टेलिफोनच्या पोटात हिरव्या पट्ट्या असतात. त्यांच्या भोकांत बारीक भागांचे तारेचे पाय घालायचे आणि खालून सोल्डरिंगचा ठिपका द्यायचा. ओळीने सगळ्या बायाच बसायच्या. सुपरवायझर म्हणायचा, बायकांची बोटं नाजूक असतात. माझी बोटं चांदवडकडच्या शेतात कांदे उपटून जाड झालेली होती. नाजूक वगैरे काही नाही, बाया बिडी प्यायला उठत नाहीत आणि उलट बोलत नाहीत, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तिथे पाळीबिळी कुणी विचारत नसे. चारही दिवस मी पट्ट्या हाताळायचे. त्या टीव्हीत बसायच्या, टीव्ही कुणाच्या तरी घरी देवघराशेजारी बसायचा, त्यात देव दिसले की लोक हात जोडायचे. ते सगळं चालायचं. संध्याकाळी घरी आले की त्याच हातांनी पाण्याचा पेला घ्यायची मला बंदी. दिवसभर कंपनीत, संध्याकाळी मागच्या खोलीत, आणि नवरा दारातून विचारायचा, "डाळीत मीठ किती घालू?"

मग कारखान्यात मशीन आलं आणि मशीन चालवायला आयटीआयची पोरं आली. आम्ही सुपरवायझरला म्हटलं, आम्हाला शिकवा, आम्ही चालवू. तो हसला. "मावशी, हे कॉम्प्युटरवर चालतं." आणि आम्हाला घरी पाठवलं. कॉम्प्युटर हा शब्द मला असा भेटला, नाकावर दार आपटावं तसा.

म्हणून मुलाने घरात कॉम्प्युटर आणला तेव्हा मला काही कौतुक नव्हतं. मुलगा सातपूरला एका कंपनीत स्टोअरमध्ये होता, कायम नव्हता. त्याला कुणीतरी सांगितलं की शरणपूर रोडला एक ऑफिस निघालंय, घरबसल्या टायपिंगचं काम देतात. परदेशातल्या जुन्या छापील पानांचे फोटो एका सीडीवर द्यायचे. ते बघून सगळा मजकूर टाइप करायचा आणि सीडी परत नेऊन द्यायची. करार मुलाच्या नावावर झाला. रेशनकार्ड जसं, लाइटबिल जसं, तसंच हे.

माझी सून नांदगावची, बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली. लग्न ठरवताना आमच्याकडून सांगितलं होतं, मुलगी शिकलेली पाहिजे. कशासाठी पाहिजे ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने मुलाला विचारलं, "टायपिंग मला येतं, मग नाव माझं का नको?"

मुलगा म्हणाला, "अगं, आडनाव तेच आहे ना!"

त्याने हौसेने आठवडाभर दोन बोटांनी काम केलं. एकेक अक्षर शोधायचा, सापडलं की खूश व्हायचा. मग त्याची मान दुखायला लागली. सून म्हणाली, "सरका, तुम्ही कोंबडीसारखे टोचताय." ती बसली ती बसलीच. त्यानंतर त्याने त्या खुर्चीवर फक्त पत्त्यांचा खेळ खेळला.

आता तिचा दिवस सांगते. सकाळी पाणी भरायचं, दोन डबे, सासऱ्याचा चहा, पूजेची तयारी, धुणं, दुपारची जेवणं, मग कुणी ना कुणी टपकलेलं असायचं, त्यांचा चहा. यातून मिळेल तेव्हा ती मागे जाऊन टकटक करायची. टकटक सुरू झाली की पुढून हाक यायची, "अगं, जरा पाणी दे." माझा नवरा निवृत्त झालेला, माठ त्याच्यापासून दोन हातांवर. हाक मारायला त्याला कमी श्रम पडायचे.

पण चार दिवस तसं नव्हतं. त्या चार दिवसांत तिला कुणी हाक मारू शकत नव्हतं. तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, चहा चालत नव्हता, पाहुण्यांपुढे यायचं नव्हतं. स्वयंपाक मी करायचे, ताट दारात ठेवायचे. आणि आत ती सकाळी अंघोळ झाली की टाइप करायला बसायची ती दिवे लागेपर्यंत. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. पाळीच्या पहिल्या दिवशी मला तिच्या वयात पोटात गोळा यायचा. ही म्हणायची, "आई, दुखतं हो, पण कुणी बोलवत नाही त्याचं सुख जास्त आहे."

तिची तारीख जवळ आली की ती ऑफिसातून जास्तीच्या सीड्या आणायला आपल्या नवऱ्याला सांगायची. तो विचारायचा नाही का म्हणून. बाईच्या तारखेचा हिशेब पुरुषाने ठेवायचा नसतो ना!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. नवऱ्याचे जुने पाने-पक्कड, विळी, मुलाची स्कूटर. त्या वर्षी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ घातली. आणि दोन दिवसांनी सून बाजूला बसली. मागून टकटक ऐकू आली तसा नवरा उठला.

"ती कॉम्प्युटरला शिवली काय?"

"मग काय लांबून फुंकर मारून टाइप करेल?" मी म्हटलं.

"अगं, पूजा केलेली वस्तू हाय ती!"

"पूजा रिक्षाचीही करतात. मग पाळीतली बाई बसली तर रिक्षावाला उतरवतो का?"

"तुला प्रत्येक गोष्टीत तोंड घालायचं असतं. देवीचं कुंकू लागलंय त्याला."

मुलगा मध्ये पडला. काम वेळेत गेलं नाही तर ऑफिसवाले पुढचं काम देणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. बराच वेळ खल झाला आणि माझ्या नवऱ्याने मार्ग काढला. त्या चार दिवसांपुरतं कॉम्प्युटरचं कुंकू पुसायचं. पाचव्या दिवशी सुनेची अंघोळ झाली की पुन्हा लावायचं. कुंकू नसलं म्हणजे तो देवाचा नाही, नुसता डबा.

हे आमच्या घरात खरोखर झालं. दर महिन्याला मी ओल्या फडक्याने कॉम्प्युटरचं कुंकू पुसायचे. सून खुर्चीवरून म्हणायची, "आई, बिचारा महिन्यातून एकदा विधवा होतो." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. हसत होतो, पण आता आठवलं की डोकं फिरतं. तेवढी अक्कल एका डब्याला सोवळं करण्यात घालवली त्या माणसाने, आणि जी बाई त्या डब्यावर दिवस दिवस बसत होती तिचं नाव काय लागतं, हे एकदाही विचारलं नाही.

असं वर्ष-सव्वा वर्ष चाललं असेल. मग एके दिवशी ऑफिसचा फोन आला. फोन पुढच्या खोलीत, मुलाने घेतला. बोलता बोलता तो ताठ उभा राहिला. फोन ठेवला आणि म्हणाला, ऑफिस मोठं होतंय, तिथेच बसून काम करणारी माणसं घेणार आहेत. घरून काम करणाऱ्यांत सगळ्यात चांगलं काम आपलं आहे. त्यांना टीम लीडर पाहिजे. बाकीच्यांचं काम तपासायचं, त्यांना शिकवायचं. कायम नोकरी.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पिठाचे. तिचं तोंड उजळलं ते मी बघितलं. लग्नातही इतकं उजळलं नव्हतं.

"कधी बोलावलंय?" तिने विचारलं.

"सोमवारी," मुलगा म्हणाला. "जाऊन येतो."

तिला वाटलं, चौकशी करून येतो. मलाही तसंच वाटलं. जेवताना कळलं. माझ्या मुलाने पानावर बसून सगळी मांडणी केली. सातपूरच्या कंपनीचा काही भरवसा नाही. ही नोकरी तो घेईल. ऑफिसात तो बसेल, तपासायचं काम सीडीवर घरी आणेल, ते सून करेल, सकाळी तो परत घेऊन जाईल.

"म्हणजे बाहेरचं पण झालं आणि घरचं पण झालं," तो म्हणाला.

नवरा म्हणाला, "बरोबर हाय. घरातलं घरातच राहतं. बाईमाणसाला रोजच्या रोज शरणपूर रोडला कुठं पाठवायची?"

"पण तुम्हाला येतं का ते?" सुनेने विचारलं.

"शिकेन ना. तू आहेस की शिकवायला."

ती चुलीकडे वळली. भाकरी तव्यावर जोरात पडली, तेवढंच. दोन-तीन दिवस गेले. मग तिची पाळी आली आणि ती मागे गेली. मी ताट घेऊन गेले तर कॉम्प्युटर बंद. ती भिंतीला टेकून बसलेली.

"काम नाही का?"

"आहे. करत नाही." मग एकदम म्हणाली, "आई, मला बोलावलंय त्यांनी. मला. त्यांना माहीत नसलं म्हणून काय झालं? बोलावलंय मलाच. आणि जाणार कोण? ज्याला कॅपिटल अक्षर काढायला दुसऱ्याला हाक मारावी लागते तो!"

"मग त्याला तोंडावर सांग."

"सांगितलं. म्हणे, नवरा-बायकोत तुझं-माझं काय करतेस. आई, मी आजपर्यंत त्यांच्या जेवणाच्या डब्यावर कधी माझं नाव घातलंय का? हे एकच माझं आहे. मला तिथे जाऊन बसायचंय."

"देतील का ते तुला?"

"नाही दिलं तर नाही. पण मला बघून नाही म्हणू देत."

तिने कॉम्प्युटर चालू केला. कुंकू मी सकाळीच पुसलं होतं.

सोमवारी मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मी म्हटलं, मला डोळे दाखवायचेत, डॉक्टर त्याच बाजूला आहेत, मलाही ने. डोळे दाखवायचे होते हे खरं. त्याच दिवशी दाखवायचे होते असं काही नव्हतं.

"आई, पाच मिनिटं बस हं. सही करून येतो, मग जाऊ," तो ऑफिसच्या जिन्यात म्हणाला. मी त्याच्याबरोबर आतच गेले. तिथल्या माणसाने मलाही खुर्ची दिली. तोच तिथला साहेब, मुलाच्याच वयाचा, चांगला बोलणारा. शेजारच्या टेबलावर एक चाळिशीची बाई सीड्या लावत बसली होती.

साहेबाने मुलाचं कौतुक केलं. काम स्वच्छ, चुका कमी. मुलगा मान हलवत होता, थँक्यू थँक्यू म्हणत होता. मी त्याच्याकडे बघत होते. कुठे तरी अडखळेल असं वाटलं. नाही अडखळला. दुसऱ्याचं कौतुक घेताना माणसाला घाम फुटत नाही, हे मला तिथे कळलं.

मग साहेब म्हणाला, "एक विचारायचं होतं. सगळ्यांचं काम रोज साधारण सारखं येतं. तुमचं तसं नाही. महिन्यातले चार दिवस तुमचं काम एकदम दुप्पट होतं. आणि त्याच दिवसांत चुका सगळ्यात कमी. फायलींवर तारीख असते, मी मुद्दाम मागचं सगळं बघितलं, दर महिन्याला तसंच. त्या दिवसांत तुम्ही नेमकं काय करता? मला बाकीच्यांना शिकवायचंय ते."

मुलगा हसला. "ते… सुट्टी असते ना. रविवार वगैरे."

"रविवार नाहीत. कधी मंगळवारपासून, कधी शुक्रवारपासून. पण चारच दिवस."

"मूडवर असतं तसं."

"दर महिन्याला चार दिवस मूड?" साहेब खरोखर विचारत होता, त्याला काही संशय नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाईचा हात मात्र थांबला. तिने एकदा माझ्या मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. तिला समजलं होतं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे… त्या दिवसांत मी जरा जास्त जागतो."

आता मात्र मला राहवेना. "खोटं बोलू नको," मी म्हटलं. "साहेब, त्या चार दिवसांत माझी सून बाजूला बसते."

"बाजूला म्हणजे? कुणाच्या बाजूला?"

"आई!" मुलगा ओरडला.

"तुमच्या आईला विचारा घरी गेल्यावर," मी साहेबाला म्हटलं. "पाळी असते तिची. त्या दिवसांत तिला आम्ही शिवून घेत नाही, म्हणून तिला काम सांगता येत नाही, म्हणून तुमचं काम दुप्पट होतं. बाकीच्यांना शिकवायचं असेल तर एवढंच शिकवा, की बाईला पाणी मागू नका."

शेजारची बाई फस्सकन हसली आणि खोकल्यासारखं केलं. साहेबाचे कान लाल झाले. त्याने टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"म्हणजे काम मॅडम करतात?"

"आम्ही दोघं मिळून करतो," मुलगा म्हणाला.

"मिळून काही नाही. हा पत्ते खेळतो."

साहेबाने पेनला टोपण लावलं. मला वाटलं, आता म्हणेल, मग त्यांना घेऊन या. तो म्हणाला, "काकू, काम चांगलं आहे त्यांचं. पण ही पोस्ट वेगळी आहे. इथे हाताखाली पोरं असणार. बाईचं ऐकायची सवय नसते त्यांना. शिवाय उशीर होतो, घरची जबाबदारी असते. सर असते तर बरं झालं असतं."

म्हणजे ज्याला काही येत नाही तो चालला असता. मी उठले. "इतके दिवस बाईचंच काम घेतलंत ना? तेव्हा जबाबदारी नव्हती वाटतं घरची," मी म्हटलं आणि जिना उतरले. डोळ्यांचा डॉक्टर राहिलाच.

घरी आलो. मुलाने घरात पाऊल टाकलं आणि फुटला. "माझी लाज काढलीस तू! परक्या माणसापुढे असलं बोलतात?"

नवऱ्याने काय झालं ते ऐकून घेतलं आणि डोक्यालाच हात लावला. "पाळीचं बोललीस? ऑफिसात? पुरुषापुढं?"

या दोघांना लाज वाटली ती याची. बायकोचं काम स्वतःच्या नावावर खपवायला निघाला होता, त्याची नाही. ते दोघांनाही सरळ दिसत होतं. पाळी हा शब्द वाकडा दिसत होता. मी भांडले, तेही भांडले, शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकलं असेल.

सून मागच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या पलीकडे. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "आई, माझ्या तारखा सांगितल्यात तुम्ही त्या माणसाला?"

"त्याच्याकडे आधीच होत्या. त्याला वाचता येत नव्हत्या, एवढंच."

ती लाल झाली होती. रागाने की कशाने, मला कळलं नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दार उघडलं. ती तिसरा दिवस चालू असताना अंघोळ करून, चांगली साडी नेसून, झालेल्या कामाच्या सीड्या पर्समध्ये घालून बाहेर आली. स्वयंपाकघरातून आली, पुढच्या खोलीत आली. देवघरापुढे माझा नवरा पूजेला बसलेला, घंटी हातात.

"अगं, अगं! देवासमोरून?"

"दुसरं दार नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही डोळे मिटा. देवी बघेल." आणि चपला घालून गेली.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "चहा पाहिजे असेल तर पातेलं तिथे आहे."

दुपारी ती आली. मीच विचारलं, "काय म्हणाला?"

"नाव बदलून देतो म्हणाला. यापुढे काम माझ्या नावावर. ऑफिसात खुर्ची पण देतो. पण लीडर नाही, असिस्टंट म्हणून या."

"मग लीडर कोण?"

"बघतोय म्हणे कुणी पोरगा. मी म्हटलं, बघा, आणला की माझ्याकडे पाठवा, शिकवते."

"आणि तू हो म्हणालीस?"

"हो म्हणाले. घरात बसून असिस्टंटच आहे की मी. तिथे निदान नाव विचारून हाक मारतील."

मला ते पटलं नाही. मी असते तर सीड्या त्याच्या टेबलावर आपटून आले असते. पण मी चौथी शिकलेली, मला आपटण्यापलीकडे काही करायला कुणी दिलं नाही. ती गेली. त्यांनी खरंच एक पोरगा आणून तिच्या डोक्यावर बसवला. तिने त्याला शिकवलं. पुढे तो पुण्याला गेला तेव्हा त्याची जागा तिला दिली, तीही लगेच नाही. आधी तेच काम जुन्याच हुद्द्यावर करून घेतलं.

हे झालं ऑफिसचं. पण घरात त्याहून भारी गंमत झाली.

सून नोकरीला लागल्यावरही सुरुवातीला नवऱ्याने हुकूम सोडला की बाहेर काय ते चालू दे, घरात चार दिवस पाळायचेच. ठीक. ती ऑफिसातून यायची आणि मागच्या खोलीत जायची. स्वयंपाक मी करायचे. मग त्या पावसाळ्यात माझे गुडघे धरले. उभं राहता येईना. एका सकाळी सून बाजूला बसलेली, मी अंथरुणात, आणि पुढच्या खोलीत माझा नवरा चहाची वाट बघतोय. वाट बघितली, खोकला, फेऱ्या मारल्या. मग मागच्या दारापाशी जाऊन म्हणाला, "अगं, जाऊ दे आता ते. आजकाल कुणी पाळत नाय एवढं. कर तू चहा."

पिढ्यान् पिढ्या चालत आलेला नियम, ज्याच्यासाठी मी थंडीत पत्र्याच्या खोलीत निजले, ज्याच्यासाठी कॉम्प्युटरचं कुंकू पुसलं, तो एका कप चहासाठी मोडला. देवीला विचारलंही नाही. सून उठायला लागली. उठली असती तर तिचे ते चार दिवसही गेले असते, ऑफिस तर होतंच, आणि मग महिनाभर सकाळ-संध्याकाळ चूल.

मी अंथरुणातून ओरडले. "उठू नको! बस खाली!"

नवरा दारात आला. "आजवर तूच म्हणत होतीस ना, हे सगळं खुळचटपणा हाय म्हणून?"

"आता मला पटलंय. घराण्याची रीत आहे, मोडायची नाही. चार दिवस ती चुलीला शिवणार नाही. आणि मलाही आता होणार नाही. तुम्ही दोघं पुरुष सोवळे आहात ना? मग करा."

"आम्हाला धड येतं काय?"

"शिकाल की. आम्ही आहोत शिकवायला."

मुलगा खोलीतून बाहेर आला होता. ते वाक्य त्याने ओळखलं. त्याने पातेलं घेतलं.

तेव्हापासून आमच्या घरात चार दिवस पाळतात. मागच्या खोलीत आता कुणी बसत नाही. सून देवघरापुढून येते-जाते, माठातलं पाणी हाताने घेते. फक्त चुलीला शिवत नाही. त्याबाबतीत मी फार कडक आहे. मुलगा नातेवाइकांत सांगतो, "मीच लावून दिलं तिला त्या लाइनला." सांगू दे. ती ऐकते आणि त्याच्याकडे बघत राहते, मग तो विषय बदलतो.

चार दिवस तो खिचडी करतो. बापाला डाळ-तांदूळ निवडायला बसवतो. खिचडी करपते, आणि आम्ही दोघी पुढच्या खोलीत ताट मांडून खातो. पाणी किती घालायचं ते त्याने मला पुष्कळदा विचारलंय. मी अजून सांगितलेलं नाही.